नव्यापेक्षा चकचकीत, म्हणून गुण कमी! जुन्या कारचं ‘ओरिजिनल’पण मोजतात कसं?

सेकंडहँड आयफोन घेताना हल्ली बरेच जण आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ बघतात. नव्या मॉडेल्समध्ये डिस्प्ले किंवा बॅटरी बदलली असेल तर फोन स्वतःच ते सांगून टाकतो. आता फोनच्या जागी 1967 सालची कार आहे असं समजा. सेटिंग्ज नाहीत, चिप नाही, कागदपत्रं अर्धी गहाळ. मालक छातीठोकपणे म्हणतो, “इंजिन पहिल्यापासूनचं आहे.” खरं कशावरून?

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. मॉडेल तेच, साल तेच, पण एका गाडीत मूळ इंजिन आणि दुसरीत बदललेलं, एवढ्यावर किमतीत मोठा फरक पडतो. स्पर्धेत मिळालेला पुरस्कार गाडी विकताना आधी दाखवला जातो. त्यामुळे गुण देणाऱ्या परीक्षकाच्या पेनात बऱ्यापैकी पैसा असतो.

ही परीक्षा कशी चालते ते समजून घ्यायला एक चांगलं उदाहरण आहे, शेव्हरोले कॉर्व्हेट. 1953 पासून बनत आलेली ही अमेरिकन स्पोर्ट्स कार. तिच्या चाहत्यांनी 1974 मध्ये ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ स्थापन केली. या संस्थेची तपासणीपद्धत क्लासिक कारच्या जगात सगळ्यात काटेकोर पद्धतींपैकी एक मानली जाते.

बोर्डाचे टक्के की सीईटीचं पर्सेंटाइल?

कारच्या स्पर्धा साधारण दोन प्रकारच्या असतात. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचची प्रसिद्ध स्पर्धा 1950 पासून भरते. तिथे गाड्या एकमेकींशी लढतात. प्रत्येक गटात क्रमांक लागतात आणि शेवटी एकच गाडी ‘बेस्ट ऑफ शो’ ठरते. हे झालं सीईटीसारखं. तुम्ही कितीही छान पेपर लिहा, शेजारच्याने जास्त छान लिहिला की तुम्ही मागे.

कॉर्व्हेटवाल्यांचं बोर्डाच्या परीक्षेसारखं आहे. गाडीची तुलना शेजारच्या गाडीशी होत नाही, ठरलेल्या मापाशी होते. एकूण गुण साडेचार हजारांच्या आसपास. 94 टक्के किंवा जास्त मिळाले की ‘टॉप फ्लाइट’ हा सगळ्यात वरचा दर्जा. एका दिवशी दहा गाड्यांना मिळू शकतो, नाहीतर एकीलाही नाही. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण समोर कोण आलंय यावर तुमचा निकाल ठरत नाही. पण मग सगळा भार येतो त्या मापावर. माप कोणतं?

माप असं: कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ही गाडी जशी होती, तशी. ‘उत्तम’ नव्हे, ‘तशी’. गंमत इथे सुरू होते. 1960 च्या दशकात सेंट लुईसच्या कारखान्यात या गाड्या घाईघाईने बनत होत्या. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा राहायचा. चासीवर काळ्या रंगाचे ओघळ असायचे. तपासनीस खडूने किंवा जाड पेन्सिलीने खुणा करायचे, त्या तशाच राहायच्या. आज कोणी खूप पैसे ओतून त्याच गाडीला आरशासारखा रंग दिला आणि वर आधुनिक क्लिअर कोट चढवला, तर त्याचे गुण कापले जातात. याला ‘ओव्हर-रिस्टोरेशन’ म्हणतात. म्हणून चांगले कारागीर रंगाचे ओघळ आणि खडूच्या खुणासुद्धा जुने फोटो बघून मुद्दाम परत काढतात. वेडेपणा वाटेल, पण मापाला धरूनच आहे.

एका भागाचे दोन हिशेब

या पद्धतीतली हुशारीची गोष्ट म्हणजे गुणपत्रिकेत दोन वेगळे रकाने असतात. एक मूळपणाचा, दुसरा स्थितीचा. समजा सीटला 20 गुण आहेत, 10 आणि 10 (आकडे फक्त समजण्यासाठी). मूळ सीट, पण उसवलेली आणि उन्हाने फिकी पडलेली असेल, तर मूळपणाचे पूर्ण गुण आणि स्थितीचे कमी. नवीन, करकरीत, पण शिलाईची ठेवण चुकलेली सीट असेल तर बरोबर उलटं. दोघांची बेरीज सारखी येऊ शकते, पण कोणाचं काय चुकलं ते कागदावर दिसतं. परीक्षक जोडीने काम करतात आणि गाडीचा एकेक विभाग वाटून घेतात: आतली बाजू, बाहेरची बाजू, इंजिनाचा भाग, चासी, आणि दिवे-हॉर्न वगैरे चालतात का ते. एक माणूस थोडा कडक असला तरी तो त्या विभागात सगळ्यांनाच कडक पडतो, हा त्यातला फायदा.

आता येऊ पुराव्याकडे. इंजिनाच्या ब्लॉकवर तो कधी ओतला त्याची तारीख ओतीवातच उमटलेली असते. इंजिन जुळवल्याची तारीख आणि गाडीच्या नंबराचा भाग एका सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. क्रम साधा आहे: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळवलं, मग गाडी बनली. ब्लॉकची तारीख गाडीच्या तारखेनंतरची निघाली की खेळ खल्लास. काचांवरही महिना आणि साल सांगणारी अक्षरं असतात.

पण नंबर परत ठोकता येतात की! त्यासाठी आधीचे नंबर घासून काढावे लागतात आणि तिथेच चोर सापडतो. कारखान्यात ती पट्टी ब्रोच नावाच्या दातेरी अवजाराने तासलेली असायची, त्यामुळे तिच्यावर बारीक समांतर रेघा असतात. पट्टी घासली की त्या जातात. जाणकार आधी रेघा बघतात, नंबर नंतर.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर तुम्ही सेकंडहँड कारच्या व्हिडिओत पाहिलं असेल. पत्र्याला लावलं की आकडा मायक्रॉनमध्ये येतो. आकडा अचानक वाढला की खाली लांबी भरलेली असण्याची शक्यता. ते मीटर चुंबकीय तत्त्वावर किंवा एडी करंटवर चालतं, म्हणजे खाली धातू लागतो. कॉर्व्हेटची बॉडी आहे फायबरग्लासची! तिथे हे मीटर गप्प बसतं आणि ध्वनिलहरींवर चालणारं महागडं यंत्र आणावं लागतं.

प्रामाणिक माणसाचं काय?

पद्धतीचं दुखणं इथेच आहे. हव्या त्या तारखेची अक्षरं कोरलेली नवीन काच आज विकत मिळते. ब्रोचच्या रेघाही कोणी हुबेहूब काढू शकतो. गुण दिसण्यावर असतील तर नक्कल पुरेशी चांगली करणारा पूर्ण गुण घेऊन जातो आणि “माझं इंजिन बदललेलं आहे” असं सरळ सांगणारा मागे राहतो. नियम कितीही बारीक केले तरी ही फट पूर्ण बुजत नाही. उलट नियमपुस्तक जितकं तपशीलवार, तितकी ती नक्कल करणाऱ्याचीही गाइड बनते.

यावर एक उतारा म्हणजे जे मूळ आहे, जीर्ण आहे, त्यालाच वेगळा मान देणं. पेबल बीचने 2001 मध्ये रिस्टोर न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट सुरू केला. तरी सर्वोच्च बक्षीस चकचकीत गाड्यांनाच मिळत राहिलं. 2024 मध्ये पहिल्यांदा तसं झालं नाही. 1934 ची बुगाटी टाइप 59, एकेकाळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली, जुन्या काळ्या रंगाचे टवके उडालेल्या अवस्थेतच ‘बेस्ट ऑफ शो’ ठरली. नवीन भाग बनवता येतो, नव्वद वर्षांचा ओरखडा बनवणं फार अवघड. त्याच स्पर्धेचा आणखी एक नियम मला आवडतो. गटात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर आधीच्या रस्त्यावरच्या फेरीत धावून आलेली गाडी जिंकते. ट्रेलरवरून येऊन नुसती उभी राहणारी नाही.

आपल्याकडे हा विषय 2021 पासून थेट आरटीओच्या अर्जात आला आहे. 50 वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, रोजच्या वापराला बंदी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

आता आपल्या जुन्या गाड्या आठवा. सुटे भाग मिळत नव्हते, आयातीवर बंधनं होती, पेट्रोल परवडत नव्हतं. म्हणून कितीतरी अमेरिकन गाड्यांत गॅरेजवाल्यांनी डिझेल इंजिनं बसवली आणि त्या पुढे कित्येक वर्षं धावल्या. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ त्या-त्या काळात झालेले बदल गाडीच्या इतिहासाचाच भाग धरते आणि अशा गाड्यांची वेगळी वर्गवारी करते. आपल्या नियमाच्या भाषेत मात्र ते डिझेल इंजिन म्हणजे ‘मोठा बदल’.