एकदाच भरलेली वार्षिक स्पर्धा

वाकडहून पुण्याकडे निघालं की मुळा ओलांडताच महामार्गालगत बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. हद्द पुण्याची, पण चाकणच्या कारखान्यातली पाळी संपवून चिंचवड-वाकडला परतणाऱ्यांना ते डेक्कनपेक्षा कितीतरी जवळचं. इथल्याच टेनिस कोर्टांवर नोव्हेंबर २०१२ मध्ये महिलांची 'रॉयल इंडियन ओपन' झाली.

महिला टेनिसचा दौरा चालवणाऱ्या डब्ल्यूटीएने त्याच वर्षी '१२५' ही नवी श्रेणी सुरू केली होती. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या स्पर्धा आणि मुख्य दौरा यांच्यामधली ही पायरी. बक्षिसांची रक्कम तेव्हा सव्वा लाख डॉलर. पहिल्या हंगामात अशा दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईला आणि दुसरी बालेवाडीत. आपल्याकडे तिची निकडही होती. हैदराबाद, कोलकाता, बंगळुरू अशी एकेक शहरं महिला टेनिस भरवून थकली होती. हैदराबादेत २००५ मध्ये सानिया मिर्झा जिंकली, बंगळुरूत २००८ मध्ये सेरेना विल्यम्स. त्यानंतर दौऱ्याने भारताकडे पाठ फिरवली होती.

बालेवाडीची अंतिम लढत तर कुणी जुळवूनही जुळली नसती. एका बाजूला युक्रेनची अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना, दुसऱ्या बाजूला जपानची बेचाळीस वर्षांची किमिको दाते-क्रुम. स्वितोलिनाचा जन्म सप्टेंबर १९९४ चा, म्हणजे ती आणि हे संकुल एकाच वयाचे! आणि दाते त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी खेळून मोकळी झाली होती. स्वितोलिनाने सामना ६-२, ६-३ असा जिंकला. पुढे ती जगातल्या पहिल्या पाचांत पोहोचली, २०१८ ची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली, टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं.

स्पर्धा मात्र पुन्हा भरली नाही. २०१८ ते २०२३ या काळात याच संकुलात पुरुषांची एटीपी स्पर्धा रंगली, तिला सरकारही लाभलं आणि टाटाही. मुलींच्या वाट्याला प्रायोजक आला की तो पाहुण्यासारखा येतो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अपवाद आहे, आणि तो अंड्यांचा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये कोंबडीपालकांनी अंड्याचा भाव आपणच ठरवायचा म्हणून एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, स्थापन केली. टीव्हीवरून रोज अंडी खायला सांगणारी ती हीच. दोन दशकांहून जास्त काळ तिच्या नावाने डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा होत आली आहे. गेल्या दशकात ती २५ हजार डॉलरची होती, अलीकडे त्याहून वरच्या श्रेणीत गेली. झगमगाट नाही, टीव्ही नाही, पण क्रमवारीतल्या तीनशे-चारशेच्या पुढच्या मुलीला लागतं ते सगळं इथे आहे. या पातळीवर विमान, हॉटेल, प्रशिक्षक सगळं पदरमोड करून चालतं; परदेशात पहिल्याच फेरीत हरलं तर मिळालेल्या पैशातून परतीचं तिकीटही निघत नाही. घरच्या स्पर्धेत तो खर्च टळतो, शिवाय यजमानांच्या हाती वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारीशिवाय थेट प्रवेश, असतात. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली आणि २०१४ च्या अखेरीस तिने जिमखान्यावरचं हेच विजेतेपद घेतलं.

मुंबईचं गणित बालेवाडी आणि जिमखाना या दोन्हींच्या मधलं. ब्रेबॉर्नच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात २०१७ मध्ये १२५ श्रेणीची मुंबई ओपन झाली. जिंकली कोण, तर तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका. सहा वर्षांनी ती जगात पहिली होती. स्पर्धा २०१८ मध्ये झाली, मग थेट २०२४ मध्ये. २०२५ मध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन तिथे उपांत्य फेरीपर्यंत गेली.

बालेवाडीला महिलांचं मोठं टेनिस परतलं ते एप्रिल २०२५ मध्ये, देशादेशांच्या बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाच्या निमित्ताने. श्रीवल्ली भामिदीपतीने एकेरीचे आपले सगळे सामने जिंकले. तरी शेवटच्या दिवशी कोरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि प्लेऑफचं तिकीट दुहेरीवर येऊन ठेपलं. कोर्टावर उतरली ती अंकिता, आणि सोबत बार्शीची प्रार्थना ठोंबरे. भारत २-१ ने जिंकला.