हेलो जोन्सची गोष्ट अर्धीच का राहिली?

आज एका अर्धवट राहिलेल्या कॉमिकबद्दल बोलूया. नाव 'द बॅलड ऑफ हेलो जोन्स'. लेखक ॲलन मूर, चित्रकार इयन गिब्सन, दोघंही ब्रिटिश. १९८४ पासून '२००० एडी' या साप्ताहिकात ते यायचं. ठरले होते नऊ भाग. १९८६ मध्ये तिसरा संपला आणि पुढचा आलाच नाही.

गोष्ट घडते पन्नासाव्या शतकात. मॅनहॅटनजवळ समुद्रात 'हूप' नावाची तरंगती वस्ती आहे. ज्यांना काम नाही, त्यांना तिथं ठेवलंय. साधा बाजार करायचा तरी मोहिमेसारखी तयारी लागते! हेलो काही सुपरहिरो नाही. तिला फक्त इथून बाहेर पडायचंय. दुसऱ्या भागात ती अंतराळ-जहाजावर नोकरी धरते. तिसऱ्यात हाताला काम नाही म्हणून फौजेत जाते. तिथं मोआब ग्रहावर गुरुत्वाकर्षण इतकं जास्त, की वेळच मंदावतो. लढाईत काही मिनिटं जातात, तेवढ्यात बाहेर महिने उलटलेले असतात.

बीडमध्ये ऐकणाऱ्यांना हे परकं वाटायचं नाही. मुकादमाची उचल घ्यायची, हंगामभर कारखान्याजवळ कोपीत राहायचं, आणि परत येईस्तोवर पोरांची शाळा पुढं निघून गेलेली. मोआबचा वेळ आपल्याकडंही चालतो.

मग गोष्ट थांबली का? मूरकडं कल्पना संपल्या नव्हत्या. प्रश्न मालकीचा होता. तेव्हा ब्रिटनमध्ये पानामागं पैसे मिळायचे आणि पात्र कंपनीचं व्हायचं. म्हणजे कसणारा एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. मूरनं हक्क मागितले. आयपीसी या प्रकाशन कंपनीनं दिले नाहीत. मूरनं लिहिणं थांबवलं.

आता तुमच्या कामाचं ऐका. मोबाइलवर कॉमिक काढत असाल तर १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा माहीत हवा. स्वतःच्या मनानं काढलेल्या कामाचा पहिला मालक तुम्हीच. पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलं, तर वेगळा करार नसल्यास मालक कंपनी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. तोंडी बोलून ते जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. समोरच्यानं हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडं परत येतात. मात्र करारात उलट अट असेल तर नाही. म्हणून सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा.

इयन गिब्सन २०२३ मध्ये गेले, त्यामुळं ती जोडी आता पुन्हा जमणार नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी हेलो एकटीच यान घेऊन निघून जाते. कुठं गेली, ते आजही वाचकांना ठाऊक नाही.

तुमचंही एखादं कॉमिक अर्धं राहिलंय का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!