किशोरवयीन विद्यार्थ्यांचा आहार व शरीरभार

किशोरवयीन विद्यार्थ्यांचा आहार व शरीरभार : वयाच्या १० ते १९ वर्षांच्या काळास किशोरावस्था म्हणतात. या काळात अस्थी, स्नायू व मेद यांची वाढ झपाट्याने होत असल्याने केवळ वजनावरून पोषणस्थिती ठरविता येत नाही. त्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून शरीरभारांक काढतात, उदा., उंची १·५० मी. व वजन ४५ किग्रॅ. असल्यास तो २० येतो. हा अंक वय व लिंग यांनुसार ठरविलेल्या प्रमाणांशी ताडून पाहतात.

आहारातून मिळणारी व खर्च होणारी ऊर्जा यांतील तफावत दीर्घकाळ टिकल्यास शरीरभार बदलतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास दररोज सु. २,८६० व मुलीस सु. २,४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते.

वाशिम (स्थापना १ जुलै १९९८) या कृषिप्रधान जिल्ह्यात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व पालेभाजी हा परंपरागत आहार होय. ज्वारीत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. ती उणीव तुरीमुळे भरून निघते. सोयाबीनच्या प्रसारानंतर ज्वारीचे क्षेत्र घटले. सोयाबीन मुख्यत्वे तेल व पेंड यांसाठी विकले जात असल्याने शेतातील प्रथिने घरच्या ताटात येतातच असे नाही.

शालेय पोषण आहार इयत्ता आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीसाठी त्याचे प्रमाण ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅ. प्रथिने असे आहे. त्यानंतर ऊर्जेची गरज वाढत असतानाच हा आधार सुटतो. सकाळी उपाशीपोटी शाळा गाठणाऱ्या विद्यार्थ्याचे वजन त्यामुळे खुंटू शकते. उलट शिकवणी, वाहन व दूरध्वनीचा पडदा यांत दिवस घालविणारा विद्यार्थी तळलेले व गोड पदार्थ खाऊन स्थूल होऊ शकतो. २०१६–१८ मधील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील सु. २४ टक्के किशोरवयीन कृश, तर सु. ५ टक्के अतिभारी आढळले. म्हणजे दोन्ही दोष एकाच वेळी नांदतात.

न्याहारी, डाळी, भाज्या, दूध वा अंडी, पुरेशी झोप आणि दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक श्रम वा खेळ हे दोन्ही दोषांवरील समान उपाय होत. वजन घटविण्यासाठी उपवास करणे वाढीच्या वयात अपायकारक ठरते. विशेषतः मुलींमध्ये त्यामुळे रक्तक्षय बळावतो. [⟶ पोषण].