पास कुणी शिकवला?

आज पासबद्दल बोलू. तो फुटबॉलइतकाच जुना असेल असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही.

सुरुवातीला ज्याच्या पायात चेंडू, तो मान खाली घालून पळत सुटायचा आणि बाकीचे त्याच्या मागे. इंग्लंड असंच खेळायचं. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम ३४ लाख, इंग्लंडची दोन कोटींच्या वर. त्यात स्कॉटिश खेळाडू अंगानेही हलके. धक्काबुक्कीत त्यांचा निभाव लागणं कठीण. मग ते चेंडू एकमेकांना देत खेळले. अकराच्या अकरा जण क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. नेहमी सोबत खेळणाऱ्यालाच आपला गडी कुठे असेल, हे न बघता कळतं. (इंग्लंडात रॉयल इंजिनिअर्सचा लष्करी संघही असा मिळून खेळायचा, पण तो अपवाद.)

सामना ०-० सुटला. १८७८ मध्ये मात्र स्कॉटलंडने इंग्लंडला ७-२ धुतलं. पुढे इंग्लिश क्लबच पैसे मोजून स्कॉटिश खेळाडू नेऊ लागले. त्यांना ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणत. १८८८-८९ ची पहिली इंग्लिश लीग प्रेस्टनने एकही सामना न हरता जिंकली, त्या संघातही स्कॉटिश मंडळी बरीच.

आणि आपल्याकडे? १८८८ मध्येच सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला. पहिल्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही पलटणी स्कॉटिश! रॉयल स्कॉट्स फ्युसिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ हरवलं.