दम ऐकणारा माणूस

भातकापणी उरकली की पेणच्या खारेपाटात आणि रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात कबड्डीची मैदानं तयार होऊ लागतात. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, माती चोपायची आणि फक्कीने रेषा आखायच्या. मग दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. चढाईपटूंची नावं शाळकरी पोरांच्या तोंडी असतात. सामना ज्यांच्या शिट्टीवर चालतो त्या पंचांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात, आणि याचं मला वाईट वाटतं.

पंचाचं काम डोळ्यांचं, असं आपण धरून चालतो. कबड्डीत ते बरंचसं कानाचंही आहे. प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल पडण्याआधी चढाईपटूने ‘कबड्डी’चा उच्चार सुरू करायचा आणि तो एका दमात, स्पष्ट, अखंड चालू ठेवायचा. सुरुवातीला उशीर झाला तर चढाई जाते, वर प्रतिपक्षाला तांत्रिक गुण मिळतो. आत दम तुटला तर चढाईपटू बाद. ध्वनिक्षेपकावर समालोचन चालू, दोन्ही गावांची पोरं रेषेला चिकटून ओरडताहेत, आणि त्या गदारोळातून पंचाने एकाच माणसाचा श्वास वेगळा काढायचा. १८७५च्या सुमारास आपल्याच देशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या स्नूकरचा पंच पांढरे हातमोजे घालून, निःशब्द दालनात गुण पुकारतो. त्या शांततेचा तर इथे लवलेशही नसतो. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आल्यापासून दमाकडे दुर्लक्ष होतं असं मला वाटतं, आणि ते खेळाच्या मुळावर येणारं आहे.

सामन्याआधीच पंचाचं काम सुरू होतं. खेळाडूंची नखं कापलेली आहेत ना, अंगाला तेल चोळलेलं नाही ना, हे तो पाहतो. तेल लावलेलं अंग पकडीत सुटतं आणि वाढलेलं नख समोरच्याला फाडतं. मग दोन बाजूंना दोन पंच उभे राहतात, आणि त्यांच्यात मतभेद झाला तर सरपंच निर्णय देतो. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय हवेत होता का, हे क्षणात ठरवायचं. त्यातही समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस. मातीवर तर मध्यंतराच्या आधीच फक्की पायांनी पुसट होते. मॅटवर रेषा जागची हलत नाही. इथे ती पंचाला मनात धरून ठेवावी लागते.

२०१४ साली प्रो कबड्डी आली आणि शंका आली की चित्रफीत पाहायची सोय झाली. पण चित्रफितीने सगळं सुटतं असं नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातला अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत होता. पवन सेहरावत स्पर्श न करताच राखीव पट्टीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागे गेले. स्पर्श किंवा झटापट झाल्याशिवाय ती पट्टी खेळात धरली जात नाही. काय घडलं हे सर्वांना दिसत होतं. वाद होता तो जुना नियम लावायचा की नवा, याचा. निर्णय फिरले, खेळाडू मॅटवरच बसले, खेळ तासभर खोळंबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

गावच्या मैदानावर असा तासभर मिळत नाही. तिथल्या पंचाने राज्य संघटनेची पंच परीक्षा दिलेली असते, नियमांची नवी पुस्तिका वाचलेली असते. पण ज्याला बाद द्यायचं तो कधी भाऊबंदांपैकी असतो, कधी शेजारच्या आळीतला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडणारच असते. तरी बोट वर करावंच लागतं. हमरीतुमरी वाढली तर आधी हिरवं कार्ड, मग दोन मिनिटं बाहेर बसवणारं पिवळं, आणि शेवटी लाल. उत्कृष्ट चढाईला बक्षीस असतं, उत्कृष्ट पकडीला असतं. अचूक निर्णयालाही ते असावं, असं आयोजकांना माझं मनापासून सांगणं आहे. एक चढाई संपल्यावर पाच सेकंदांत दुसरी सुरू व्हावी असा नियम आहे, आणि आधीचा निर्णय तेवढ्यात झालेला असावा लागतो.