रक्तवाहिनीची भिंत घडवताना

रुधिराभिसरणाचा पाठ शिकवताना आपण रक्तवाहिनीला नळाची उपमा देतो. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना ती चटकन पटते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहरात जमिनीखालून नहर आणली. पुढे पाणचक्कीलाही डोंगरातले पाणी खापरी नळांतून मिळाले. पण ही उपमा एका टप्प्यावर सोडावी लागते. आतून पाणी कसे वाहते याची खापरी नळाला जाणीव नसते, रक्तवाहिनीला असते.

रक्तवाहिनीला आतून चपट्या पेशींचे एकपदरी अस्तर असते. रक्त या पेशींना घासून वाहते आणि त्या घर्षणानुसार पेशी आपले वागणे बदलतात. सरळ धमनीत त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात. धमनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह विस्कळीत होतो आणि पेशींची शिस्तही मोडते. मेदाचे थर बहुधा अशाच जागी साचतात.

मेंदूत हे अस्तर आणखी कडक पहारा देते. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदू रंग धरत नसावा, असे एर्लिख यांना वाटले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. त्यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे मध्ये काहीतरी अडसर होता. तो नेमका कुठे आहे, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरात पेशींच्या कडा एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. ग्लुकोजसारखे पदार्थ आत घेणारी आणि अनेक परके पदार्थ परत रक्तात फेकणारी प्रथिनेही या पेशींत असतात. यालाच ‘रक्त-मेंदू अडसर’ म्हणतात.

याचा अनुभव आपण घरीही घेतो. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या हा अडसर ओलांडतात, म्हणून त्या घेतल्यावर झोप येते. पण प्रश्न केवळ झोपेचा नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग लहान मुलांचा जीव घेऊ शकतो. त्यावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन मेंदूकडे फारसे पोहोचत नसे. १९४०च्या दशकात ते स्नायूबरोबरच पाठीच्या कण्यातील द्रवातही टोचावे लागे. १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड मात्र सहज पोहोचते. एखादे नवे औषध यांपैकी कोणत्या गटात बसेल, हे रुग्णाला देण्यापूर्वीच कसे ओळखायचे?

उंदरावर चाचणी घेता येते, पण उंदराच्या अडसरातील प्रथिनांचे प्रमाण माणसासारखे नसते. म्हणून माणसाच्याच पेशींपासून अडसर घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून अस्तराच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवता येतात, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले होते. सर्वांत साध्या प्रतिकृतीत सच्छिद्र पडद्याने विभागलेले दोन कप्पे असतात. पडद्यावर अस्तराच्या पेशी आणि खाली मेंदूतील तारकापेशी वाढवतात. शेजारी तारकापेशी असल्या की अस्तराचे सांधे अधिक घट्ट होतात. हा घट्टपणा मोजायला ओहमचा नियमच उपयोगी पडतो. सांधे घट्ट असले की आयन पलीकडे जात नाहीत आणि विद्युतरोध वाढतो.

तरीही कप्प्यातला द्रव स्थिर असतो. म्हणून सिलिकॉन रबराच्या तुकड्यात केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्या कोरून, त्यांना पेशींचे अस्तर लावून, त्यांतून पंपाने द्रव वाहवतात. यालाच ‘चिपवरील अवयव’ म्हणतात. अशा पद्धतीची फुफ्फुसाची चिप २०१० मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि पुढे मेंदूच्या अडसराच्याही झाल्या. माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूळपेशींचे रूप देण्याची युक्ती २००७ पासून उपलब्ध असल्याने खुद्द रुग्णाच्या पेशींपासूनही अस्तर घडवता येते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. मूळपेशींपासून केलेल्या काही अस्तरांचा विद्युतरोध उत्तम होता. २०२१ मध्ये त्यांतील जनुकांचे कार्य तपासले, तेव्हा त्या पेशी रक्तवाहिनीपेक्षा त्वचा किंवा आतड्याच्या आवरणपेशींशी अधिक जुळत असल्याचे दिसले. भिंत पक्की होती, पण ती रक्तवाहिनीची होती असे म्हणता येत नव्हते. केवळ एका मोजमापावरून प्रतिकृतीची परीक्षा होत नाही, हा त्यातला धडा.

भारतात २०२३ मध्ये नव्या औषधांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांवरील चाचण्यांसोबत किंवा त्यांऐवजी अशा मानवी प्रतिकृतींना स्थान मिळाले. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. चिकलठाणा आणि वाळूजला औषधांचे कारखाने आहेत. तिथे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे ज्ञान लवकरच लागेल.

वर्गात एक प्रयोग करा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत स्टार्चचे पाणी घालून ती आयोडीनच्या पाण्यात तासभर ठेवा. आतले पाणी निळे होते, बाहेरचे होत नाही. आयोडीन आत गेले, स्टार्च मात्र बाहेर आला नाही. मग मुलांना विचारा: रक्तवाहिनीची भिंत करते, पण ही पिशवी करू शकत नाही, अशा गोष्टी कोणत्या?