मद्यानें ऊब येते काय ?

गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं आठवीच्या वर्गांत शरीरांतील उष्णतेचा पाठ चालला असतां एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, माझ्या धाकट्या भावाला सर्दी झाली म्हणजे आजी त्याला ऊन पाण्यांतून चमचाभर ब्रँडी देते. तिनें अंगांत ऊब येते असें आजी म्हणते. मग दारूनें अंग थंड होतें असें तुम्ही कसें सांगतां ?” वर्ग हंसला, परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. तास संपत आला होता, आणि मीं दिलेलें उत्तर घाईचें झालें. आपल्या वार्षिकाचीं पानें मुलांबरोबर घरांतील वडील मंडळीही चाळतात हें मला ठाऊक आहे. म्हणून त्या आजीबाईंना जें सांगावयास हवें होतें तें येथें लिहीत आहें.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, आजीबाई खोटें बोलत नाहींत. मद्य पोटांत गेलें म्हणजे थोड्याच वेळांत चेहरा तांबूस होतो, कान तापल्यासारखे वाटतात, हात उबदार लागतात. हा अनुभव खरा आहे, आणि तो पुष्कळांनीं घेतलेला आहे. चूक आहे ती त्या अनुभवावरून काढलेल्या अनुमानांत. अंगांत उष्णता वाढणें ही एक गोष्ट, आणि उष्णता वाढली असें वाटणें ही दुसरी.

आपल्या देहाचें आंतलें तापमान सुमारें ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, एवढें असतें. आणि बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, तें तेवढेंच राखण्याची मेंदूची सतत खटपट चालू असते. थंडी पडली म्हणजे मेंदूच्या हुकमानें त्वचेंतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मग ऊन रक्त कातडीकडे थोडें जातें आणि हृदय, मेंदू, यकृत या मर्मस्थानांकडे अधिक राहतें. पौषांतल्या सकाळीं गार पाण्यांत हात बुडवून नखांकडे पाहा. त्यांचा गुलाबी रंग उडालेला दिसेल. बोटें बधिर होतात, आपण कुरकुरतों. परंतु माजघरांतील ऊब टिकावी म्हणून घरधन्यानें मधलें दार लावून घ्यावें, तसाच हा प्रकार आहे. एवढ्यानें भागलें नाहीं तर हुडहुडी भरते. हुडहुडी हा रोग नव्हे. स्नायू जलद जलद आकसून उष्णता निर्माण करीत असतात, आणि जोराच्या हुडहुडींत ती स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कित्येक पट निर्माण होते.

मद्य नेमकें हें लावलेलें दार उघडतें. त्यानें त्वचेंतील रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात आणि आंतलें ऊन रक्त कातडीखालीं धांवत येतें. थंडी व ऊब ओळखणारे ज्ञानतंतूही तेथेंच कातडींत आहेत. ऊन रक्त जवळ येतांच ते मेंदूला ‘ऊब आली’ अशी वर्दी देतात. हिवाळ्याच्या रात्रीं माजघराचें दार उघडलें तर ओसरीवर बसलेल्या माणसाला आंतली हवा लागून बरें वाटतें, आणि घर तापलें असें तो म्हणेल. आंत निजलेल्या मुलाला विचारलें तर तें वेगळें सांगेल. कातडीखालीं आलेली ती उष्णता तेथें थांबत नाहीं. ती बाहेरच्या हवेंत निघून जाते, आणि रक्त गार होऊन आंत परततें. शिवाय घाम सुटतो, तो वाळतांना आणखी उष्णता नेतो. आणि हुडहुडी, जी या वेळीं खरी उपयोगाची, तीही मंदावते.

कोणी म्हणेल, मद्य हें जळणारें द्रव्य आहे, तेव्हां पोटांत गेल्यावर तें उष्णता देत असेलच. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. एक ग्रॅम मद्यार्कापासून सुमारें ७ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम साखरेपासून सुमारें ४. हिशेब मद्याच्या बाजूचा दिसतो ! परंतु यकृत मद्यार्क आपल्या संथ गतीनेंच जाळतें, साधारणतः तासाला ७ ते १० ग्रॅम. बाहेर थंडी कितीही असो, त्याला घाई करतां येत नाहीं. दार मात्र तोंवर सताड उघडें. आणि यकृत त्या कामांत गुंतलें म्हणजे त्याचें नेहमीचें एक काम, नवी साखर तयार करून रक्तांत सोडणें, मागें पडतें. पोटभर जेवलेल्या माणसाला याची झळ फारशी लागत नाहीं. दिवसभर राबून उपाशी पोटीं पिणाऱ्या मजुराला लागते. रक्तांतली साखर उतरली म्हणजे हुडहुडीला जळण उरत नाहीं.

आतां त्या धाकट्या भावाकडे वळूं. लहान मुलाच्या यकृतांत साखरेचा सांठा थोडा असतो, आणि वजनाच्या मानानें कातडी अधिक असल्यामुळें तें मोठ्या माणसापेक्षां लौकर गार पडतें. म्हणजे मद्याचे वर सांगितलेले दोन्ही दोष त्याच्या बाबतींत दुप्पट जोरानें लागू पडतात. “चमचाभरानें काय होतें ?” असें म्हणणाऱ्यांनीं सोपें त्रैराशिक मांडावें. चमचा ५ मिलिलिटरांचा, बाळ ८ किलोचें. त्याच मानानें ६० किलोच्या बापाला साडेसात चमचे, म्हणजे ३७ मिलिलिटरांहून अधिक ब्रँडी होते. दारूच्या दुकानांतलें लहान माप ३० मिलिलिटरांचें असतें. बाळाच्या छातीवर ब्रँडी चोळण्याची जी रीत आहे तिचाही विचार करावा. चोळण्यानें जी ऊब येते ती आजीच्या हाताची. ब्रँडी तर उडून जातांना गारवाच करते. सुई टोंचण्यापूर्वीं दवाखान्यांत दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हां काय वाटतें तें प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असेल. बाळाला ऊब हवी असेल तर लोकरीचें टोपडें, कोरडे कपडे आणि आईची कूस यांसारखा उपाय नाहीं. श्वास जलद चालूं लागला, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला किंवा बाळ अंगावर पिईना, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें.

मद्यार्कानें देहाचें तापमान उतरतें हें शास्त्र कालपरवांचें नव्हे. इंग्लंडांतील डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रयोग करून ही गोष्ट दाखविली, आणि १८७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतून लोकांपुढें मांडली. बर्फाच्या मुलखांत फिरणाऱ्यांना तर ती अनुभवानेंच कळली. नॉर्वेचे संशोधक फ्रिजॉफ नान्सेन यांनीं १८८८ सालीं पांच सोबत्यांसह ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें. पिण्यासाठीं मद्य बरोबर घ्यावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. स्पिरिट घेतलें होतें, परंतु तें स्टोव्हसाठीं. त्यावर बर्फ वितळवून ते पाणी करीत व अन्न शिजवीत. मद्यार्काचा थंडींतला योग्य उपयोग याहून चांगला कोणी दाखविला असेल असें मला वाटत नाहीं.

मुलांना येथें एक चित्र आठवेल: गळ्यांत ब्रँडीचें लहानसें पिंप बांधलेला, बर्फांत सांपडलेल्या वाटसरूस शुद्धीवर आणणारा सेंट बर्नार्ड कुत्रा. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर सुमारें २,४७० मीटर उंचीच्या खिंडींत अकराव्या शतकापासून एक मठ आहे. तेथील साधूंनीं व त्यांच्या कुत्र्यांनीं पुष्कळ प्राण वांचविले हें खरें. बॅरी नांवाच्या कुत्र्यानें, जो १८०० ते १८१४ पर्यंत जगला, चाळीसांहून अधिक माणसें वांचविलीं असें सांगतात. परंतु तें पिंप मठांतलें नव्हे. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकारानें १८२० सालीं काढलेल्या चित्रांत तें प्रथम गाजलें, आणि चित्रांतून लोकांच्या मनांत शिरलें तें आजतागायत तेथेंच आहे. कुत्रा वाटसरूजवळ निजून आपल्या अंगाची ऊब देई, ती खरी. तिच्यासाठीं चित्रकाराची गरज नव्हती. इंग्रजी आरमारांतील रमचेंही तसेंच. ती थंडीसाठीं देत असत अशी समजूत आहे. पण ही चाल जमेकासारख्या उष्ण बेटांकडून आली आणि भर उन्हाळ्याच्या समुद्रांतही चालू राहिली. ३१ जुलै १९७० रोजीं ती बंद झाली.

उबदार खोलींत बसून एखादा पेला घेणाऱ्याचें तापमान फार उतरतें असें नाहीं. अंशाचा कांहीं भागच उतरतें. अतिशयोक्ति करून आपल्या पक्षाला बळकटी येत नाहीं. धोका आहे तो उघड्यावर असणाऱ्यास, आणि तो केवळ रक्तवाहिन्यांचा नाहीं. मद्य विवेक मंद करतें. ज्याला घोंगडी ओढून घ्यावयास हवी, घरीं जावयास हवें, त्यालाच त्याची गरज भासेनाशी होते.

याविषयीं मला जें माहीत आहे तें सगळें पुस्तकांतलें नाहीं. बारा वर्षांपूर्वीं, नाताळाच्या आधींच्या आठवड्यांत, नाताळचीं गीतें गात घरोघर फिरणारी आमची मंडळी निफाडच्या बाजूस एका वस्तीकडून दुसरीकडे चालली होती. रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्या भागांत थंडी किती पडते हें द्राक्षांच्या बागाइतदारांना विचारावें. घड वांचविण्यासाठीं ते पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. वाटेच्या कडेला एका बागेचा राखणदार पडलेला होता. हांक मारली तेव्हां कांहींतरी पुटपुटला, उठतां उठेना. तोंडाला दारूचा वास येत होता. आमच्यापैकीं एकजण म्हणाला, “झोपूं द्या, पहाटेपर्यंत उतरेल.” मीही होय म्हटलें. माझ्या अंगांत जाड कोट होता. पुढच्या घरीं चहा तयार होता, आणि आम्हीं तेथें तीन गीतें म्हटलीं.

पहाटे दूधवाल्याला तो मेलेला आढळला. त्याचा स्वेटर व सदरा काढलेला शेजारीं पडला होता, म्हणून गांवांत कोणी चोरांचें नांव घेतलें, कोणी भुताचें. दोघेही निर्दोष होते. देह अतिशय गारठला म्हणजे शेवटीं आकसून धरलेल्या रक्तवाहिन्यांची शक्ति संपते व त्या एकदम सैल पडतात. भ्रमिष्ट झालेल्या माणसाला आग झाल्यासारखें वाटतें आणि तो आपले कपडे फेंकतो, असें डॉक्टर सांगतात. हें मला त्यानंतर वाचून कळलें. त्या रात्रीं मला एवढेंही ठाऊक नव्हतें कीं, जीभ जड होणें, पाय लटपटणें, गुंगी येणें हीं दारूचीं लक्षणें तशींच गारठ्याचींही आहेत, आणि वास आला म्हणून दुसरें कारण नाहीं असें होत नाहीं.

असा मनुष्य दिसल्यास त्याच्या कपड्यांखालीं पोटावर हात ठेवून पाहावा. हातपाय थंडींत सर्वांचेच गार असतात. पोटही गार लागलें तर तो संकटांत आहे. देहाचें तापमान ३५ अंशांखालीं गेलें म्हणजे धोका सुरू होतो, आणि ३२ च्या सुमारास हुडहुडीही थांबते. थरथर थांबली म्हणून तो बरा होत आहे असें समजूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंवर त्याला जपून उचलून आडोशास न्यावें, खालीं घोंगडी किंवा गोणपाट घालावें, ओले कपडे काढून कोरडें पांघरूण डोक्यासकट गुंडाळावें. तोंड मात्र मोकळें ठेवावें. ओकारी श्वासनळींत जाऊं नये म्हणून कुशीवर निजवावें. हातपाय चोळूं नयेत, शेकोटीला अगदीं चिकटवूं नये. पूर्ण शुद्धीवर असेल व नीट गिळतां येत असेल तरच गरम गोड दूध किंवा चहा घोंटघोंट द्यावा. बंद खोलींत कोळशाची शेगडी मुळींच ठेवूं नये; तिच्या वायूनें निजलेलीं माणसें उठत नाहींत.

त्या वर्षापासून नाताळच्या फेरींत आमच्याबरोबर दोन घोंगड्या असतात. विद्यार्थी त्या आळीपाळीनें खांद्यावर घेतात आणि जड लागतात म्हणून तक्रार करतात. आजवर त्यांपैकीं एक एकदांच उलगडावी लागली. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती परत करावयास स्वतः चालत आला होता.